तुमसरची निळी कांडी

प्रभाकरभाऊ गेल्याचा फोन माझ्या धाकट्या भावाने, सुरेशने केला. "दादा, भाऊ गेले," एवढंच बोलला. काही वर्षांपूर्वी ही बातमी मला दुसऱ्याच कुणाकडून कळली असती. करडी गावातल्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आम्हा भावांचं बोलणंच बंद होतं.

प्रभाकरभाऊ आमचे मोहाडीचे शेजारी. आयुष्य हातमागावर गेलेलं. पुण्याच्या लेकीने त्यांना युद्धाचा एक पटखेळ पाठवला, पण त्यातल्या परदेशी गावांची नावं काही त्यांच्या तोंडी बसेनात. मग त्यांनी स्वतः विणलेल्या चादरीवर आपला भंडारा जिल्हाच रंगवला. सैन्य म्हणून मागावरच्या कांड्या, रंगीत सूत गुंडाळलेल्या. फासे नाहीत. प्रत्येक चालीआधी परसातल्या बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली दोघादोघांनी मसलत करायची, मग गुपचूप चिठ्ठी लिहायची. ज्या गावाला शेजाऱ्याचा पाठिंबा नाही, ते चालून येणाऱ्याचं. आणि परसात दिलेला शब्द चिठ्ठीत फिरवायची पूर्ण मुभा! भाऊ इतके सज्जन, पण यात पक्के लबाड.

एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं, एकमेकांना न सांगता. मला करडी दिली, सुरेशला शेजारची वरठी. भंडारा वहिनींकडे आणि तुमसर स्वतःकडे. नवरा-बायकोने संगनमत करून आम्हाला असं घेरलं की एकट्याने कुणीच वाचणार नव्हतं. मी तोंड फिरवून बसलो, तर भाऊ म्हणाले, "कालचं कायले धरून बसला? आज पटावर काय हाये ते पाह्य. जा, दोघं परसात जाऊन या."

आम्ही झाडाखाली गेलो. मग सुरेश म्हणाला, "मी करडीले पाठिंबा देतो, दादा. तू वरठीले देशील?"

"देतो," म्हणालो, पण चिठ्ठ्या उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सुरेशने शब्द पाळला होता. भाऊ हरले, आणि हरल्यावर इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही दोघे धुऱ्यावर जाऊन उभे राहिलो.

परवा वहिनींनी आम्हाला बोलावून चादर अंथरली. भाऊंची निळी कांडी नेहमीसारखी तुमसरवर ठेवली. ज्याचा खेळाडू नाही ती कांडी चाल करत नाही, नुसती उभी राहते. या वेळी परसात कुणीच गेलं नाही. चिठ्ठ्या उघडल्या. मी लिहिलं होतं, तुमसरला पाठिंबा. सुरेशनेही तेच. वहिनींची चाल मात्र तुमसरवर हल्ल्याची होती. आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"असे काय पाहून राहिले? मोकळं गाव सोडलं असतं तं हे रागावले असते मले," म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले. "पण तुम्ही दोघं एक झाल्यावर कोणाचं चालते..."

त्यांनी आपली कांडी भंडाऱ्याला परत नेली. भाऊंची तुमसरवरच राहिली.