कॉलिन साहेबांच्या गोड बोलण्याचं पोस्टमॉर्टम

किस्से आम्ही मुद्दाम गोळा करत नाही. दर मंगळवारी संध्याकाळी इंग्लंडातून कॉलिन साहेबांचा व्हिडिओ कॉल येतो आणि तो संपला की एखादा किस्सा टेबलावर पडलेलाच असतो!

आमचं ऑफिस वर्ध्यात, एका मेडिकल स्टोअरच्या वर. तिकडे इंग्लंडात जुनी घरं दुरुस्तीला काढली की त्यांचे नकाशे आम्ही इथे कॉम्प्युटरवर काढतो. सगळं काम एकाच कंपनीचं. तिनं हात आखडला की ऑफिसला कुलूप, आणि गावात असलं दुसरं ऑफिस नाही. त्यात कंपनीतर्फे आमचं काम बघणारा हा साहेब इतका सभ्य, की वाईट बातमीसुद्धा शाल पांघरवून पाठवतो. मग कॉलनंतर चहा मागवून आम्ही त्याच्या एकेका वाक्याचा अर्थ काढत बसतो. त्या बैठकीचं नाव पोस्टमॉर्टम.

*

पहिला बळी वैशालीचा. ती पवनारहून बसनं येते. नवरा ट्रकवर, सदा बाहेर. घरी सासू आणि पहिलीतली मुलगी. त्यामुळे नोकरीसाठी पुण्याला जा म्हणणं तिला शक्यच नाही.

नवीन होती तेव्हा तिनं काढलेला जिना बघून साहेब म्हणाले, "व्हॉट ॲन इंटरेस्टिंग स्टेअरकेस!" वैशालीनं ऑफिसभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी नकाशा परत आला. जिना चढून गेलेला माणूस थेट भिंतीवर आदळत होता! साहेबांनी शेजारी नम्रपणे लिहिलं होतं, 'सवडीनं एकदा बघणार का?'

वैशाली रडवेली होऊन म्हणाली, "सगळ्यायनं खाल्ले ना पेढे? आता काय करू मी?"

*

दुसरी पाळी माझी. एका दुपारी मेसेज आला, 'तुला वेळ असेल तेव्हा, अ क्विक चॅट?' मी म्हटलं, जेवून फोन करते.

आमचे गजूभाऊ हिंगणीचे, ऑफिसात सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "बाई, वेळ असन तेव्हा म्हणजे आत्ताच्या आत्ता. डबा बंद कर."

डबा बंद केला. तोंडातला घास गिळला आणि फोन लावला. फोनवर साहेबांनी विदर्भातल्या उन्हाची चौकशी केली. बातम्यांत पाहिलं म्हणे. उन्हाळाभर सकाळी लवकर काम सुरू केलं तर बरं पडेल का, असं विचारलं आणि फोन ठेवला. बस!

लगेच पोस्टमॉर्टम. गजूभाऊ कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ऊन म्हणजे काय म्हणाचं असन त्याले?"

तो सगळा चहा संपला तरी ऊन म्हणजे ऊनच, हे कुणाला पटलं नाही.

*

ही सवय घरीसुद्धा जाते. एकदा वैशालीच्या सासूबाईंच्या हातून वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं. वैशाली साहेबांच्या चालीवर म्हणाली, "आई, आज भाजी जरा वेगळी लागते, नाही?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "खारट झाली म्हण ना! काऊन घाबरवून राह्यली मले?"

*

एका मंगळवारी मात्र घोटाळाच झाला. कॉल बंद करायचा राहिला आणि इकडे पोस्टमॉर्टम सुरू! त्या दिवशी साहेब 'नॉट बॅड' म्हणाले होते. म्हणजे चांगलं की वाईट, यावर आमची जोरदार भांडणं. लॅपटॉपमधून खाकरण्याचा आवाज आला.

साहेबांना मराठी कळत नाही, पण स्वतःचे शब्द पुन्हापुन्हा ऐकू आले असणार. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. गजूभाऊंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं, "सर, तुम्ही जे बोलता त्याचा अर्थ काढतो."

साहेब खूप वेळ हसले. मग विचारलं, "आणि अर्थ बरोबर निघतो का?"

"सर, बहुतेक निघतो."

*

आणि आता हा मागच्या मंगळवारचा.

साहेबांनी कॅमेऱ्याकडे न बघताच सुरुवात केली. कंपनी सगळ्याच गोष्टींकडे नव्यानं बघते आहे, तुमच्या कामाची आम्हाला मनापासून कदर आहे, बदल कुणालाच सोपा नसतो. कदर हा शब्द आला आणि आमचं धाबं दणाणलं. वैशालीनं टेबलाखाली माझा हात धरला.

गजूभाऊंना राहवेना. "सर, प्लीज! सरळ सांगा. आमचं काम चालू, का बंद?"

साहेबांनी पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे बघितलं. मग साहेब म्हणाले, "चालू. तुमचं ऑफिस राहतं आहे. आधी हेच सांगायला हवं होतं मी. सॉरी."

वैशालीनं ओढणीत तोंड लपवलं. गजूभाऊ उठून उभे राहिले, परत बसले. मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं.

साहेबांनी कॉल बंद केला नाही. चष्मा काढून तो पुसत बसले.

"गजू, तुम्ही लोक अर्थ काढता ना? मग एक विचारू? काल माझे बॉस मला म्हणाले, तू यापुढे काय करतोस ते बघायला आम्ही सगळे फार उत्सुक आहोत. याचा काय अर्थ असेल?"

गजूभाऊंनी हळूच माईक बंद केला आणि आमच्याकडे वळले.

"गेली याची नोकरी. याले कोण सांगते?"

तिकडे साहेब वाट बघत होते. शेवटी वैशालीनं डोळे पुसले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि माईक सुरू केला.

"सर," ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"