भांडायला बरा माणूस

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या शेजारच्या काकू आत्मचरित्रं वाचायच्या त्या भांडायला. अंगणात तांदूळ निवडता निवडता पुस्तकातल्या माणसालाच झापायच्या. गल्लीत तेव्हा टीव्ही आला नव्हता; आमची करमणूक हीच. एका नाटकवाल्याच्या आत्मचरित्रावर तर त्यांनी अख्खा पावसाळा काढला. "बायको तापानं फणफणून राह्यली अन् हा चालला दौऱ्यावर! काहून रे?" हे त्या मलाच दरडावून विचारायच्या.

दिवाळीनंतर गावातल्या मराठी वाचनालयानं वाचकांच्या पसंतीचं आत्मचरित्र निवडायचं ठरवलं. एकेकानं उभं राहून नाव सुचवायचं होतं. काकूंनी ठणकावून त्या नाटकवाल्याचंच पुस्तक सुचवलं.

मी म्हटलं, "काकू, त्याले तर तुम्ही रोज शिव्या देता!"

"हौ, मंग? बाकीचे सारे भले लोक. दोन पानांत झोप येते मले. याच्यासंगं पावसाळा कसा गेला, समजलंच नाही."

सगळे हसले आणि भराभर हात वर झाले. ग्रंथपाल ते मानाचं पुस्तक काचेच्या कपाटात ठेवू लागले, तेवढ्यात काकूंनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

"तिथं कोन बोलन त्याच्यासंगं?" म्हणाल्या, आणि त्याला काखोटीला मारून घरी घेऊन गेल्या.