कंदिलाच्या वेलाचा पत्ता

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी शहाद्याहून फोन आला. पलीकडे विमलताईंची बहीण होती. "ताई गई वं..." एवढंच बोलली. मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. याची लाज अजून वाटते. सातपुड्यातली एक जागा आता दोघींनाच ठाऊक होती, मला आणि रायलीबाईंना.

विमलताई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. झाडांसाठी एकटी डोंगर हिंडणारी बाई आमच्याकडे त्यांच्याआधी कुणी पाहिली नव्हती. साडीखाली बूट, काखेत पानंफुलं दाबून वाळवायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कंदिलासारखं फूल येणाऱ्या एका वेलाचं जगातलं पहिलं वर्णन त्यांनी लिहिलं, आणि वाट दाखवणाऱ्या रायलीबाईंचं नाव त्याला दिलं. रायलीबाई हसल्या, "म्हणजे आता लोक मलाच खाणार?" डोंगरात या वेलाचा कंद खातात. पण बी उडून जाईपर्यंत तो कुणी खणत नाही.

शोधनिबंधात ताईंनी जागा लिहिली नाही, नुसता तालुका लिहिला. मला ते पटलं नाही. आमचं घर चळवळीतलं, तिथं पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली; लोकांपासून काही लपवायचं नाही, हेच मी शिकले होते. मी 'हा वेल वाचवा' असं पत्रक काढलं, वेल होता त्या नाल्याचं नाव घातलं, मोबाइलवर सगळीकडे पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो तर तिथं नुसते खड्डे. कंद विकायला नेणारी बाहेरची गाडी येऊन गेली होती... ताई गुडघ्यांवर बसून हातांनी माती लोटत राहिल्या.

"ताई, बोला ना मला काहीतरी."

"काय बोलू? तू खोटं नही लिखं. पण पत्ता लिखी टाका तू." मग माझ्यापुढचा खड्डा दाखवून, "आते रडू नको, माती लोट."

त्यानंतर दोन वर्षं हिंडून त्यांना दुसऱ्या कड्यावर मूठभर वेल सापडले. गेल्या भाद्रपदात मला तिथं नेलं. का नेलं, ते मी विचारलं नाही. धाप लागत होती त्यांना.

आता त्याच कड्याच्या दगडांवर रस्त्याच्या मोजणीचा लाल रंग आहे. रस्ता हवाच, रायलीबाईंच्या सुनेला बाळंतपणासाठी झोळीतून उतरवावं लागलं होतं, झोळीचा एक दांडा माझ्याही खांद्यावर होता. फक्त एक वळण सरकवायचं आहे. पण कुठलं, ते सांगायचं म्हणजे जागा दाखवायची. गप्प राहिले तर यंत्र येणार, बोलले तर पुन्हा खड्डे. कित्येक दिवस मी पत्रक लिहायला बसले आणि दोन ओळींच्या पुढे हात सरकला नाही.

शेवटी रायलीबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तू लिहू नको. त्यांना चालत आण."

काल माझ्या सांगण्यावरून मोजणीचे चौघे आले, त्यांचे साहेब धरून. रायलीबाई पायवाटेच्या तोंडाशी टोपली घेऊन उभ्या होत्या. "फोन यात टाका. मग चला."

साहेब हसले. "अहो बाई, फोटोशिवाय वरचे लोक मानतील का?"

"मानायचं तर पायानं येऊन माना."

ते परत फिरले असते तर सोमवारी यंत्र आलं असतं. मी पुढे होऊन माझा फोन टोपलीत टाकला. मागोमाग तिघांनी टाकले. साहेब खिशात हात घालून उभेच राहिले... रायलीबाईंनी टोपली खाली ठेवली नाही.