बाबांची खूण वहिनीच्या हातात

अन्याय माझ्यावर झालाय. गेल्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलुंड पूर्वेला, आमच्याच हॉलमध्ये. आणि ज्यांनी केला ते तेव्हा हयात नव्हते... हे वाक्य मी लिहितेय! मी – जी स्टेशनबाहेर उभी राहून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटते, अंगात आलेल्या बाईला "आधी पाणी पी, मग बोल" म्हणते. भूतबीत मी मानत नव्हते. आजही मानत नाही.

बाबा शाळेत पीटीचे सर. मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे, त्यांत मीही, आणि बेसबॉल म्हणजे जीव की प्राण. अमेरिकेतली संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी लागते. चहा घेऊन आम्ही दोघंच बसायचो. दादाला त्यात काडीचा रस नाही. या खेळात कोच बाहेरून हाताच्या खुणांनी डाव सांगतो. बाबांनी एक खूण फक्त माझ्यासाठी ठरवली होती – डोक्यावर टोपी नसली तरी टोपीची कड ओढायची, मग डाव्या कोपरावर दोनदा थोपटायचं. म्हणजे बंट. जोरात मारू नकोस, बॅट आडवी धर, चेंडू पायाशी टाक. तिसऱ्या बेसवर थांबलेली मुलगी पळत होमला येईल, म्हणजे एक रन. टीममधल्या इतर मुलींनाही ती ठाऊक नव्हती.

बाबा गेले. त्यानंतर वर्षभराने दादाचं लग्न झालं. म्हणजे वहिनीने बाबांना फक्त फोटोत पाहिलंय. हे नीट लक्षात ठेवा.

त्या सकाळी बाबांच्या लाडक्या टीमची मॅच. जिंकली तर पुढची फेरी, हरली तर सीझन खलास. शेवटची इनिंग, बरोबरी, तिसऱ्या बेसवर रनर. वहिनी चहा घेऊन आली.

"अजून चाललंय का गं तुझं? पोहे गार झाले."

"थांब ना जरा!"

तिने कप ठेवला. टीव्हीकडे पाठ. नसलेल्या टोपीची कड ओढली. डाव्या कोपरावर दोनदा थोपटलं.

मी टीव्हीकडे पाहिलं... बॅट आडवी. चेंडू पायाशी. रनर होमवर. एका रनने जिंकलो!

"वहिनी, आत्ता काय केलंस?"

"काय म्हणजे? कप ठेवला."

"हातांनी काय केलंस?"

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"ती बाबांची खूण होती!" मी ओरडले. दादा आतून हसला. "पत्रकवाली बाई! भगत बोलावू का?"

मी सगळं तपासलं. ती खूण दादाला माहीत नव्हती, तिचा व्हिडिओ कुठे नाही. पुढच्या मॅचला वहिनीला तिथेच उभं केलं, हातात कप दिला... काही नाही. "माझी आमटी करपतेय," म्हणाली आणि गेली.

भीती? छे. जळले मी. बाबांच्या आजारपणात उशाशी मी होते. ते गेल्यावरही त्यांच्या टीमच्या मॅच एकटी मी बघते. आणि खूण करायची वेळ आली तेव्हा बेस म्हणजे काय हे जिला ठाऊक नाही, तिचे हात? तिचा दोष नाही, कळतं मला. तरी तेव्हापासून तिच्याशी धड बोलता येत नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर द्या. 'योगायोग' लिहू नका. 'शांती करून घ्या' तर मुळीच लिहू नका. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या – मी तिथेच बसले होते, मग ते तिच्याकडे का गेले?