पंधरा दिवस तोंडाला हात नको

मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आत्याने माझ्याकडे बघून अतिशय आदराने विचारलं, "पोरीची आजी काय तुमी?"

पोरीची आजी अकोल्याला माझ्या भावाकडे असते. तिला ऐंशी वर्षं झालीत, मला बावन्न. मी हसले. चांगले दात दाखवून हसले, म्हणजे निदान दात तरी माझे आहेत हे त्यांना दिसावं. माझ्या नवऱ्याने "नाही नाही, ही तिची आई" असं सांगितलं, पण सांगायच्या आधी त्याने घेतलेला एक घोट चहा मी आजवर विसरलेली नाही.

स्थळ जुळलं. मुलाकडचे अकोल्याचेच आणि माझ्या आईलाही प्रवास झेपत नाही, म्हणून साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, अकोल्याला ठरलं. मुलीची तयारी मुलगी करत होती. मी आरशासमोर उभी राहून आजी शोधत होते, आणि ती सापडत होती.

दोष डोळ्यांखालच्या खड्ड्यांचा. ते माझ्या आईलाही आहेत. ती पहाटे उठून भाजीची पाटी घेऊन अकोल्याच्या बाजारात बसायची. तिचे खड्डे कमावलेले, माझे आयते मिळालेले. आठ तास झोपून ऑफिसात गेले तरी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" आईचा यावर एकच इलाज, डिंकाचे लाडू. लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डबे पाठवते. भेटले की पहिला प्रश्न तोच, "डोये कावून खोल गेले वं तुहे? झोप लागत नाही न तुले?" वजन वाढतं म्हणून ते लाडू मी ऑफिसात वाटून टाकते. आमच्या ऑफिसातल्या लोकांच्या तब्येती उत्तम आहेत.

साक्षगंधाला दहा दिवस उरले असताना मी चामडीच्या डॉक्टरकडे गेले. तोंडाला स्कार्फ बांधून गेले. अमरावतीत एप्रिलमध्ये प्रत्येक बाई तोंड बांधूनच फिरते, त्यामुळे गुपचूप काही करायचं तर उन्हाळ्यासारखा ऋतू नाही. आत बसलेल्या तिघीही स्कार्फ सोडायला तयार नव्हत्या. एकीच्या चपला मला ओळखीच्या वाटल्या, तिलाही बहुधा माझी पर्स ओळखीची वाटली. आम्ही दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने समजावून सांगितलं, याला फिलर म्हणतात. सुईने डोळ्याखाली जेलसारखं औषध भरायचं, खड्डा भरून येतो. खड्डे बुजवण्याचा आपल्याकडचा एकूण अनुभव बघता मी विचारलं, "टिकेल किती?"

"नऊ-दहा महिने, कधी वर्षभर."

रस्त्यापेक्षा बरं होतं. मग तिने विचारलं, "जवळपास काही कार्यक्रम आहे का? सूज येऊ शकते, काळंनिळं होऊ शकतं. असेल तर नंतर करू."

"छे, काहीच नाही," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी नोकरीतसुद्धा कधी बोलले नव्हते.

क्रीम लावून जागा बधिर केली होती, दुखलं फारसं नाही. पण सुई कातडीखालून सरकताना कळत होती, आणि तीही डोळ्याच्या इतक्या जवळ, की मी मनातल्या मनात मुलाच्या आत्याला माफ करून टाकलं. सुई बाहेर आल्यावर माफी परत घेतली.

निघताना डॉक्टर म्हणाली, "पंधरा दिवस चोळायचं नाही, दाबायचं नाही. तोंडाला कुणाचा हात लागू देऊ नका. औषध जागचं हलतं." मला हसूच आलं. बावन्नाव्या वर्षी माझ्या तोंडाला हात लावणार कोण? नवरा रिमोट सोडून कशाला हात लावत नाही.

आणि ज्यांचा हात लागायचा त्यांना मी साफ विसरले. आमच्याकडे कार्यात म्हाताऱ्या बायका अलाबला घेतल्याशिवाय भेटतच नाहीत. दोन्ही पंजे समोरच्याच्या तोंडावरून कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवायचे, मग आपल्या कानशिलावर टेकवून बोटं कडाकडा मोडायची. समोरच्याची इडापिडा गेली. आईची पद्धत थोडी वेगळी. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून ती आधी दोन्ही अंगठे माझ्या डोळ्यांखालच्या खड्ड्यांत टेकवते, जरा दाबून बघते, मग हात फिरवते. मी अकोल्याला गेले की आधी हे, मग पाणी. त्यात कधी खंड पडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी डावा डोळा खालून जांभळा झाला. ऑफिसातल्या एका भल्या बाईने मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे न?" ज्या माणसाने जन्मात धड डास मारला नाही त्याच्यावर आळ आला. त्या माणसाला माझा डोळा चौथ्या दिवशी दिसला. तो म्हणाला, "डोळा आला काय?" मी हो म्हणून टाकलं. आठवड्याभरात निळेपणा गेला आणि खरं सांगते, मी छान दिसत होते.

साक्षगंधाच्या दिवशी हॉलच्या दारातच एक मामी दोन्ही हात पसरून आली, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी झटकन तिच्या पाया पडले आणि वाकलेलीच मागे सरकले. दुसरीसमोर पेढ्यांचं ताट आडवं धरलं. तिसरीपुढे मुलीलाच ढकललं, "हिची घ्या, नवरी ते हाय." शाळेत मला कबड्डीच्या संघात कुणी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी एकाही म्हातारीच्या हाती लागले नाही.

आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. माझा आवाज ऐकून तिने हात वर केले. "ये माय."

मी एक पाऊल मागे सरले. "माय, मेकअप हाय. बिघडते."

तिचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि नीटच असलेला पदर पुन्हा नीट केला. "राहू दे मंग," ती म्हणाली. "हात खरबरीत हाय माहे."

तेवढ्यात मुलाची आत्या आली. तिने माझा चेहरा जवळून न्याहाळला. मी श्वास रोखून उभी होते. ती म्हणाली, "केसं काहून नाही रंगवत तुमी?"

निघताना आईने हात उचलले नाहीत, नुसतं "येजो" म्हणाली. अलाबला न घेता मी अकोल्यातून पहिल्यांदाच निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत रडले. रडायचं नाही असं डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं.

मग मी दिवस मोजले. पंधरा झाल्यावरच्या रविवारी एकटीच बसने अकोल्याला गेले. आई खाटेवर सुपात लसूण घेऊन सोलत बसली होती. "आली काय? पाणी घे," ती म्हणाली. आधी पाणी म्हणाली. मला फार लागलं ते.

मी तिच्यासमोर खाली बसले, लसणाचं सूप बाजूला सरकवलं आणि तिचे दोन्ही हात उचलून माझ्या तोंडावर ठेवले. "घे."

"मेकअप नाही काय आज?"

"नाही."

लसणाचा वास येणारे तिचे अंगठे डोळ्यांखाली आले. खड्डा शोधू लागले. मिळाला नाही. पुन्हा एकदा नाकापासून कडेपर्यंत फिरले. आता पकडली जाणार, म्हणून मी सगळं कबूल करायची तयारी केली. सुई, डॉक्टर, आत्या, सगळं.

आई हसायला लागली. "भरली वं तू! लाडू लागले तुह्या अंगाले. मी म्हणत होती न? आता झोप लागते न तुले?"

सत्तावीस वर्षं ही बाई माझ्या झोपेची काळजी करत होती आणि मी तिचे लाडू वाटत होते. "लागते," मी म्हणाले. मला याहून खरं बोलायचा धीर झाला नाही.

तिने हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. सगळी वाजली. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. तिचे खड्डे माझ्यापेक्षा कितीतरी खोल होते, आणि आजवर मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, म्हणून विचारलं.

"माय, तुले लागते काय वं झोप?"

"मले काय होते," ती म्हणाली, आणि खाटेखालचा डबा पायाने माझ्याकडे सरकवला. "तू खाय."

मी तिथेच बसून दोन खाल्ले.