सोयीसाठी दिलेला ड्रम

अन्याय माझ्या आईवर झाला. मी इंटरची, म्हणजे बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, आमच्या घरभरणीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, पाण्याचा टँकर यायच्या थोडं आधी. ठिकाण हैदराबादच्या बाहेर, उप्पलच्या पुढची एक कॉलनी. जाहिरातीत तिला 'शांत वस्ती' म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. अन्याय करणाऱ्यांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. हसून नमस्कार केला. त्यामुळे तक्रार नेमकी कशाची करायची, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. मी पत्रकं लिहिते. पत्रकाला मागणी लागते, ज्याच्याकडे करायची तो माणूस लागतो. इथे दोन्ही सापडेना, म्हणून हे लिहिते आहे. आणि खरं सांगू, आता रागवायचाही कंटाळा येतो.

आम्ही मूळचे परभणीकडचे, बौद्ध. पप्पा तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. मलकपेठेत टायरच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने होत्या, रबराचा वास भातालाही यायचा. तोवर पप्पांसारख्या माणसाने घर बांधायचं ते रिटायर झाल्यावर. मग अचानक बँकेची माणसं टाय लावून ऑफिसात यायला लागली. साहेब, कर्ज घ्या. जणू कर्ज देणं हे त्यांचंच अडलेलं काम. शहराभोवतीच्या रानात प्लॉट आखणारे, चुना फासलेले दगड रोवले गेले. इकडे अशा नव्या लेआउटला 'व्हेंचर' म्हणतात. रविवारी फुकट बस, हातात दहीभाताचं पाकीट, आणि झब्बेवाला एजंट मोकळ्या माळाकडे बोट दाखवून सांगणार, इथे पार्क, इथे शाळा. आई ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "इथं कुत्रंबी भुंकत नाही."

"तेच तर!" पप्पा म्हणाले. "शांतताच विकत घेतोय आपण."

पप्पांचा खरा हिशेब वेगळा होता. तो त्यांनी परत येताना बसमध्ये हळू आवाजात सांगितला. तेलुगू माणसाला आपलं आडनाव वाचता येत नाही. इथे आपण नुसते महाराष्ट्रावाले. पोरीला कुणी काही विचारणार नाही. घर त्यासाठी घेतलं. पार्कसाठी नाही.

आणि पहिले काही दिवस ते खरंच झालं. कॉलनीत नळ नव्हता. टँकर यायचा आणि कॉलनी कमिटीच्या सेक्रेटरींच्या घराजवळच्या मोठ्या हौदात पाणी सोडून जायचा. सगळे त्याला संप म्हणायचे. बायका घागरी घेऊन नंबरने उभ्या राहायच्या, आणि सकाळचं सगळं बोलणं तिथेच. आईला त्या 'अक्का' म्हणायला लागल्या. आई तिथून तेलुगू शब्द घरी आणायची, पोह्यांत घालायची आणि स्वतःच हसायची.

त्या रांगेत एक दिवस पुण्याच्या काकू भेटल्या. त्यांचे यजमान कॉम्प्युटरच्या कंपनीत, नुकतेच बदलून आलेले.

"अय्या, मराठी का तुम्ही? इतकं बरं वाटलं हो ऐकून!"

आईला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. किती वर्षं ती बाजारात दखनी हिंदीच बोलत होती. घराबाहेर मराठी बोलायला कुणी नव्हतंच.

"आडनाव काय तुमचं?"

आईने सांगितलं. सरळ, घागर कमरेवर तशीच ठेवून.

"अच्छा," काकू म्हणाल्या. "म्हणजे तिकडचे. मराठवाड्यातले."

"हौ, परभणीकडचे."

काकूंना एकदम गॅसवरचा कुकर आठवला.

त्या रविवारी घरभरणी होती. सामान आधीच हलवलं होतं, कार्यक्रम तेवढा राहिला होता. बुद्धमूर्ती, शेजारी निळ्या कोटातला फोटो, आई पांढऱ्या साडीत. त्रिसरण झालं. खीर परातभर केली होती, कारण पप्पांनी एकूणएक घर फिरून बोलावलं होतं. आलेले थोडे लोक व्हरांड्यात उभे राहिले. सगळ्यांचाच उपवास निघाला. काकू आल्या नाहीत.

आणि सोमवारी सकाळी सेक्रेटरी आले. मागे वॉचमन, हातगाडीवर नवाकोरा निळा ड्रम.

"सार, मेडम को संप तक काय को चलाना? आप लोगां एकदम लास्ट में हैं. टँकरवाला पहले इधर भर देगा, बाद में उधर. कमिटी की तरफ से है सार, कुछ देना नक्को."

पप्पांनी हात जोडले. आभार मानले, दोनदा. चहा घ्या म्हणाले, तो त्यांनी घेतला नाही. ते गेल्यावर पप्पा आईला म्हणाले, "बघ, किती काळजी करतात. शिकलेली माणसं."

आई ड्रमकडे बघत होती.

"अहो, आपलं घर शेवटचं न्हाई. पलीकडं त्या मास्तराचं हाय. त्याला दिला का ड्रम?"

पप्पा ड्रमचं झाकण लावून बघायला लागले.

"सोय केलीय तर घे ना," ते म्हणाले.

"गावातबी आपली सोयच केली होती. येगळी."

दुसऱ्या दिवशी आई घागर घेऊन संपावर गेली. मी बरोबर होते. बायका बाजूला सरकल्या, भांडायला नाही, जागा द्यायला. एक जण गोड आवाजात म्हणाली, "मीकु ड्रम उंदि कदा, अक्का?" तुम्हाला ड्रम आहे ना, अक्का. आईने पाणी काढलं आणि घरी आली. त्याच दुपारी संप रिकामा करून ब्लीचिंगने धुतला. ऐन उन्हाळ्यात, टँकरची वाट बघणाऱ्या कॉलनीने भरलेला हौद गटारात सोडला. मी विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, साल में एक बार करतेच हैं.

मी काकूंकडे गेले. दार उघडलं, पण जाळीचं बंदच.

"मी मुद्दाम काही सांगितलं नाही गं. सेक्रेटरींनी विचारलं, तेवढं सांगितलं. आमच्याकडे असलं काही मानत नाहीत."

"मग खीर खायला का आला नाहीत?"

"अगं, ह्यांचा फोन यायचा होता ऑफिसचा."

पप्पा विकायचं म्हणाले. मलकपेठेत परत जाऊ, तो वास परवडला. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी घर नाही, एक अंदाज विकत घेतला होता, आणि तो चुकला होता. आई म्हणाली, "म्या न्हाई जाणार. शांतता घेतली ना इकत? आता बसा तिच्यात." ड्रममधलं पाणी ती झाडांना घालायची आणि प्यायचं संपावरूनच आणायची, रोज.

रोज संप धुणं कुणाला परवडणार? तर त्यांनी वेगळं केलं. पुढच्या महिन्यात मास्तरांकडे ड्रम आला. मग काकूंकडे, मग ओळीने सगळ्यांकडे. उन्हाळा संपेपर्यंत त्या संपावर माझी आई एकटीच जात होती. हक्क मिळाला म्हणायचं तर मिळाला. बोलायला कुणी उरलं नाही. तेलुगू शब्द घरी यायचे थांबले.

पुढे नळ आला. आता कॉलनीतले लोक म्हणतात, कसला भेदभाव, सगळ्यांना एकच पाइपलाइन आहे. आई अजून तिथेच राहते. मीटर बघायला येणारा सोडला तर त्या घरात येऊन आजवर कुणी घोटभर पाणी मागितलेलं नाही.

तुम्ही हे मराठीत वाचताय, म्हणजे आडनावं तुम्हालाही वाचता येतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये असं एक घर आहे आणि ते कोणतं हे तुम्हाला माहीत आहे. मला तुमची सही नको, निषेध नको, 'आम्ही मानत नाही' तर अजिबात नको. उद्या त्या घरी जा. आत जाऊन बसा. प्यायला पाणी मागा, आणि ग्लास पूर्ण संपवा.