पडद्यावरचे एक चाळीस

अन्याय झाला तो आमच्या बिल्डिंगचे जिने झाडणाऱ्या मावशींवर. कधी? दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजता. कुठे? खांदेश्वर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, सतरा माणसांसमोर. त्या सतरांतली एक मी.

कॉलेजात आम्ही पत्रकं काढायचो, तेव्हा हे असं शिकवलं होतं. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते लिहा, दुसरीत कधी, बाकीचं नंतर. म्हणून ते आधी सांगून टाकलं. बाकीचं सांगायला जरा मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की मला आधी दिसतात ते पप्पा, शिडीवर उभे, तोंडात दोन स्क्रू धरलेले.

पप्पा कॅमेरे बसवायचे. त्याआधी केबलचं काम करायचे, त्याच्याही आधी नुसतं वायरिंग. आमच्या पलंगाखाली वायरची भेंडोळी असायची आणि झोपताना त्यांचा रबरासारखा वास यायचा. मला तो अजून आवडतो. कुणाच्या घरी भिंतीला भोक पाडायचं असलं की पप्पा भोकाच्या खाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवायचे. सगळी भुकटी त्या पाकिटात. "बाईने सकाळीच झाडलेलं असतं," म्हणायचे, "आपण काम करायला आलोय, वाढवायला नाय." आता कंपन्यांची पोरं येतात, टपाटप भोकं पाडतात आणि फरशीवर लाल रांगोळी सोडून जातात. राग येतो मला. येऊ दे.

सोसायटीने कॅमेरे घ्यायचं ठरवलं, कारण शेजारच्या सोसायटीने बारा लावले होते. आमच्या सेक्रेटरी काकांना सोळा हवे होते. का सोळा? बारापेक्षा जास्त, म्हणून. कॅमेरे लावाच असं पत्रक मीच लिहून घराघरात टाकलं होतं, हेही कबूल करते. सायकली चोरीला जात होत्या आणि मला वाटायचं, डोळा लावला की न्याय आपोआप येतो.

पप्पांनी काकांना विचारलं, "आधी सांगा, बघायचंय काय? चेहरा ओळखायचाय, की माणूस गेला-आला एवढंच कळायला हवंय?"

"सगळंच दिसलं पाहिजे ना भाऊ!"

"सगळं दिसतं तेव्हा काहीच दिसत नाही, काका. गेटवर जवळचं बघणारा लावू, पार्किंगला लांबचं बघणारा, जिन्याला मजल्यागणिक एक. आठात काम होतं."

आठ म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. शेवटी नऊवर तडजोड झाली. नववा पाण्याच्या टाकीवर. तिथे आजवर कावळ्याशिवाय कुणी आलेलं नाही.

बसवायचे दिवस माझ्या आठवणीत सुट्टीसारखे आहेत. पप्पा ऑफिसात पडद्यासमोर बसायचे आणि मला गेटपासून चालत यायला लावायचे, छातीशी पेपर उघडा धरून. पेपराचा मथळा पडद्यावर वाचता आला की कॅमेरा पास. पहिल्यांदा मी मुद्दाम दबकत, पाय न वाजवता आले. आतून आवाज आला, "नीट चाल गं! चोर काय वेगळा चालतो का?"

तिसऱ्या मजल्याचा कॅमेरा सगळ्यात नाठाळ. आमच्या जिन्याला पूर्वेकडे सिमेंटची जाळी आहे. सकाळी त्या जाळीतून ऊन सरळ आत येतं, पायऱ्यांवर चौकड्या पडतात आणि कॅमेऱ्याला समोरचा माणूस नुसता काळा दिसतो. पप्पांनी तीन वेळा जागा बदलली, तीन वेळा भोक बुजवलं. शेवटी कोपऱ्यात, जाळीकडे पाठ करून लावला. "साडेअकरापर्यंत ऊन राहतं," ते म्हणाले, "मग सावली. तेवढ्याला भागेल."

तेव्हा खालच्या पायरीवर मावशी चहा पीत बसल्या होत्या. मावशी इथल्याच, जवळच्या गावठाणातल्या. आमची बिल्डिंग उभी राहायच्या आधी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती इथे कुठेतरी होती. नेमकी कुठे असं विचारलं, तर त्या हसून लिफ्टकडे बोट दाखवायच्या. पप्पांनी त्यांना विचारलं, "मावशी, एक काम कराल? आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यावरून झाडू फिरवा. जळमटं धरतात." रात्री कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उजेडात कोळ्याचा एक धागा पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. मावशी म्हणाल्या, "बरा हाय, चोर पकडाच्या आदी कोली पकडायचा." त्यानंतर दर सोमवारी लांब काठीच्या झाडूने त्या नऊच्या नऊ कॅमेरे साफ करायच्या. सांगायचा मुद्दा हा, की त्या कॅमेऱ्यांना स्वच्छ दिसत होतं ते त्यांच्यामुळे.

आता दसरा. आमच्या सोसायटीत दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. लिफ्टला हार, पंपाला हार, काकांच्या स्कूटरला हार. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, रेकॉर्डरचीही करूया, तोच तर रक्षण करतो. रेकॉर्डर म्हणजे ज्यात नऊही कॅमेऱ्यांचं चित्र साठतं तो डबा. तो पप्पांनी भिंतीवर उंच, कुलुपाच्या पेटीत ठेवलेला. कुंकू लावायला हात पोचेना, म्हणून काकांनी वायरी काढल्या, डबा खाली पाटावर घेतला, हळद, कुंकू, झेंडू, पेढा. सगळं यथासांग. तासाभराने वायरी परत जोडल्या.

पप्पा तेव्हा नागपूरला. अशोक विजयादशमीला ते दर वर्षी दीक्षाभूमीवर जातात, मग तिथल्या आत्याकडे दोन-तीन दिवस राहतात. जाताना मला म्हणाले होते, "रेकॉर्डरचा सेल कमजोर झालाय. आल्यावर बदलतो." बटणाएवढा सेल असतो आत. लाईट गेली तरी घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो मेलेला असला आणि वायर काढली, की डब्याला आज कुठला दिवस आहे तेही आठवत नाही.

तेच झालं. काकांनी पाहिलं तर पडद्यावर भलतीच जुनी तारीख. त्यांनी मेनूत जाऊन सगळं मूळ पदावर आणलं, इंटरनेटवरून वेळ घ्यायला सांगितलं, तारीख बरोबर आली. तारीख बरोबर आली म्हणजे सगळं बरोबर आलं, असं धरून ते रावणदहन बघायला गेले. पण मूळ पदावर म्हणजे डबा ज्या देशात बनला त्या देशाच्या पदावर. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं पार्सल गायब झालं. नवा मोबाईल होता. ॲपवर लिहिलेलं, दुपारी सव्वा वाजता दाराशी पोचवला. ताई ऐरोलीला कामाला, संध्याकाळी आल्या तर दारात काही नाही. काकांनी रेकॉर्डर उघडला. पडद्यावर सव्वा वाजता जिन्यात कुणी नाही. एक चाळीसला मावशी तिसऱ्या मजल्यावरून उतरताना दिसल्या. हातात फुगलेली पिशवी.

त्यांना घरून बोलावून आणलं. सात वाजता ऑफिस भरलेलं होतं. पडद्यावर मावशी उतरत होत्या आणि पडद्यासमोर मावशी उभ्या होत्या.

"सुका कचरा हाय त्या पिशवीत," त्या म्हणाल्या. "रोजचाच."

"दीड-पावणेदोनला कचरा?" दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले.

"दीडला मी घरी जेवते ओ. साडेअकराला माजं काम आटपतं. वाचमनला इचारा."

वॉचमनला कुणी विचारलंच नाही.

"मग कॅमेरा खोटं बोलतो का मावशी?" काका म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले.

मी काय केलं? मावशींचा चेहरा असलेलं चित्र छापून आलं, काकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तू लिही बेटा, तुझं अक्षर चांगलं, भाषा चांगली." मी लिहिलं. 'सदर महिलेस सोसायटीच्या आवारात प्रवेश बंद.' खाली रेघ मारली. पडद्याच्या कोपऱ्यात तेव्हा चालू वेळ दिसत होती, एकवीस तीस. माझ्या हातावर सात वाजले होते. सतरा माणसांच्या हातात सतरा मोबाईल. कुणी जुळवून पाहिलं नाही.

पप्पा रविवारी सकाळी आले. बॅग खांद्यावरच, लॉबीत नोटीस बोर्डासमोर थांबले. मी त्यांना घ्यायला खाली आले होते.

"हे अक्षर तुझं ना?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. ते घरी आलेच नाहीत. काकांकडून किल्ली घेतली, ऑफिस उघडलं, तो तुकडा लावला. मावशी उतरत होत्या. पप्पांनी पडदा थांबवला आणि पायऱ्यांवर बोट ठेवलं. पायऱ्यांवर चौकड्या होत्या.

"हे ऊन कितीचं?"

तीन वेळा बुजवलेली भोकं मी पाहिली होती. दुपारी एक चाळीसला त्या जिन्यात ऊन नसतं. जगात कुठल्याही दसऱ्याला नसतं.

मग त्यांनी चालू वेळ बघितली, मनगट बघितलं, हिशेब केला. मावशी उतरल्या तेव्हा खरे अकरा दहा. आता पार्सलचं बघायचं तर सव्वाच्या अडीच तास पुढचं बघायला हवं. पंधरा पंचेचाळीसला लावलं. डिलिव्हरीवाला वर आला, बेल मारली, कुणी उघडलं नाही, उभ्या उभ्या मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि खोकं घेऊन परत गेला. खोकं त्याच्याच काखेत. सोमवारी ते पार्सल गुपचूप ताईंच्या घरी आलं.

पप्पा खुर्चीत बसले. "सेल मी बदलायला हवा होता," म्हणाले. "आल्यावर म्हटलं. जायच्या आधी पाच मिनिटांचं काम होतं." मी म्हटलं, पाटावर काय तुम्ही ठेवला? ते म्हणाले, "माझं मी बोलतोय. तुझं तू बघ."

आम्ही दोघं गावठाणात गेलो. मावशींनी पाणी दिलं. आधी पाणी दिलं, मग बोलल्या.

"बाय, तो कागद तू लिवलास?"

"हो मावशी. चुकलं माझं."

"मना वाचता येत नाय. पन फोटू समजतो. माजी सून थांबली बोर्डासमोर, नातू थांबला. आजीचा फोटू कशाला लावलाय, इचारतो."

पप्पा म्हणाले, नोटीस काढली, उद्यापासून या. मावशींनी मान हलवली.

"नुसती काढून काय? जितकी मानसं तवा बसली होती तितकी बोलवा. त्याच टीवीवर दाखवा. मग झाडू हातात घेते. नायतर नाय."

काय चूक होतं यात? मी दुसरी नोटीस लिहिली: रविवारी सकाळी अकरा वाजता, ऑफिसात, सर्वांनी यावे. काका शिक्का देईनात. "झालं गेलं, कशाला वाढवायचं? नोटीस काढली ना?" मी बिनशिक्क्याची लावली. बाकीच्या सोळांपैकी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगितलं. सगळे हो म्हणाले. आजोबा तर "अवश्य, अवश्य" म्हणाले.

पुढच्या रविवारी मावशी आल्या. लग्नाला नेसतात तसं हिरवं लुगडं, केसांत फूल. पप्पा शर्ट खोचून उभे. पार्सलवाल्या ताई आल्या आणि खाली मान घालून मावशींचा हात धरून राहिल्या. बाकी कुणी नाही. काका किल्ली घेऊन सासुरवाडीला गेलेले. मावशी अर्धा तास कुलपासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, चला, जेवान करायचा हाय," आणि गेटमधून बाहेर गेल्या, त्या गेटच्या कॅमेऱ्याखालून, सरळ, नेहमीच्या चालीने. परत आल्या नाहीत. आता कामोठ्याला दोन बिल्डिंगा करतात. रिक्षाने जावं लागतं.

पप्पांच्या गुडघ्यांना आता शिडी झेपत नाही. मला ते दिवस हवे आहेत, ड्रिलचा आवाज, पाकिटातली भुकटी, गेटपासून पेपर धरून चालणं. ते येणार नाहीत, ठीक. पण त्या सतरांतले पंधराजण अजून त्याच बिल्डिंगमध्ये राहतात, आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर कुणा कामवालीचा, कुणा डिलिव्हरीवाल्याचा असा फोटो पडलेला असणार. तुम्ही तो बघून पुढे सरकला असणार.

तर आज खाली उतरा. सेक्रेटरीला रेकॉर्डर उघडायला लावा. पडद्यावरची चालू वेळ आणि तुमच्या हातातली वेळ शेजारी-शेजारी धरा. मग ज्या माणसाला तुम्ही बाहेर काढलंत त्याला बोलवा, सगळं चित्रण आधी त्याला दाखवा, आणि चूक निघाली तर जितक्यांनी त्याला चोर म्हणून पाहिलं तितक्यांनी खुर्च्या टाकून परत पाहायला बसा. किल्ली कुणाकडे आहे ते आत्ता विचारा.